एकही रकाना रिकामा नको

माझ्या काखेत गाठ आहे, हे माझ्या नवऱ्याला सगळ्यांत शेवटी कळलं. खरं तर मला ते कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. म्हणून तर मी इंटरनेटवर गेले!

मुग्धाचा, माझ्या लेकीचा, साखरपुडा दहा दिवसांवर आलेला. आंघोळीच्या वेळी हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली. सांगावं, तर साखरपुडा लांबणार, विहीणबाई काय म्हणतील देव जाणे. म्हटलं, आधी गुपचूप बघू. मुग्धा ऑफिसला, हे मंडईत. तिच्या कॉम्प्युटरवर आरोग्याची एक साइट उघडली. ‘मोफत सल्ल्यासाठी माहिती भरा.’

आता मी म्हणजे तीस वर्षं सरकारी खिडकीत अर्ज तपासलेली बाई! एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. मी सगळं भरलं. नाव, वय, फोन, पत्ता (जवळच्या खुणेसह!), तक्रार. ‘माहिती इतरांना देण्यास हरकत नाही’ यावर बरोबरची खूणही केली. राहिला पर्यायी फोन. स्वतःचा सोडून मला पाठ असलेला नंबर एकच, साखरपुड्यासाठी रोज लावत होते तो. विहीणबाईंचा!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू.

“मॅडम, गाठ वाढलीय का?”

“राँग नंबर!”

“कोण गं?” यांनी विचारलं.

“साडीवाला.”

दुपारपर्यंत सात साडीवाले झाले. प्रत्येक वेळी मी साबणाच्या हातानं मोरीतून धावत होते.

“मुलगी एकच आहे ना आपल्याला?” हे म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विहीणबाई! विश्रांतवाडीहून, न कळवता! संपलं. मोडलं लग्न.

“गाठ कुठंय?” त्यांनी चपला काढायच्या आत विचारलं.

“कसली गाठ?” हे.

“यांच्या काखेतली. सकाळपासून मला तीन फोन आले. ऑपरेशनवर सवलत आहे म्हणे!”

हे माझ्याकडे वळले. “साडीवाला?”

“अहो, साखरपुडा...” मी म्हटलं.

“साखरपुडा कुठं पळून जात नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “चला डॉक्टरांकडे. रिक्षावाला थांबायला तयार झालाय, असा योग पुन्हा यायचा नाही!”

सुई घालून तपासलं. रिपोर्टला चार दिवस. त्यात मुग्धा रोज ओरडायची, “आई, चांदणी असलेलेच रकाने भरायचे असतात गं! आणि खूण करायच्या आधी वाचायचं!”

चरबीची गाठ निघाली. निरुपद्रवी! विहीणबाईंनी काउंटरवरच माझा हात घट्ट धरला. तिथल्या मुलीनं एक फॉर्म पुढे केला. मी शहाणी झाले होते. नुसतं नाव लिहून परत दिला.

“आजी, अर्धवट फॉर्म चालत नाही.”

तीस वर्षांचे तळतळाट एका खिडकीवर भेटले!

“आणा इकडे, मी भरते,” विहीणबाई म्हणाल्या. “तुमचं आता माझ्यापासून काय लपलंय?”

त्यांनी भरला. मी सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासला. एकही रकाना रिकामा नव्हता.