दार जरा बंद करता का?

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. पिठाच्या डब्यात वरून पीठ घालत राहावं आणि तळाचं कधीचं आहे ते कळूच नये, तसं आमचं झालंय. एक सांगायला घेतला की त्याच्याखालून दुसरा निघतो. परवा आमचे हे म्हणाले, "तू एकदा लिहूनच काढ, म्हणजे जेवताना सांगणार नाहीस." घ्या! म्हणून लिहितेय.

तर आम्ही चौघं. मी, बँकेतून रिटायर होऊन जयपूरला तिलक नगरात राहिलेली सातारकरीण. गजभिये, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले, मूळचे नागपूरचे. तन्वी, दातांची डॉक्टर, जन्मच जयपूरचा, त्यामुळे मराठी बोलताना मधेच हिंदीत उतरते आणि परत चढायला वेळ लागतो. आणि शैलाताई इंगळे, माहेर-सासर दोन्ही भुसावळ, नवरा रेल्वेत गार्ड. दर रविवारी सकाळी सातला जुन्या शहरात जायचं, दारांचे फोटो काढायचे, कचोरी खायची आणि घरी यायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'दारोदार'. ते ऐकून आमचे हे म्हणाले, "पेन्शन असूनही ही वेळ आली!"

छंद मुळात शैलाताईंचा, आणि त्यामागे कारण होतं. तेहतीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन जयपूरला आल्या तेव्हा क्वार्टर मिळालं नव्हतं. जुन्या शहरात एक खोली भाड्यानं घेतली. वय वीस, हिंदी येत नाही, नवरा दोन-दोन दिवस गाडीवर. घरमालकीण जीजी. इंगळेसाहेब ड्यूटीवर असले की ती रोज संध्याकाळी हिच्या दारात बसून भाजी निवडायची, पोरगी एकटी रडू नये म्हणून. मग क्वार्टर मिळालं, पुढं फुलेरा, अजमेर, बांदीकुई अशा बदल्या झाल्या. परत जयपूरला आल्या तेव्हा ती गल्लीच सापडेना!

"बाकीची दारं तुम्हाला," शैलाताई म्हणायच्या. "मला माझं एक सापडू द्या. मी जीजीला न सांगता निघून आलेय हो."

मार्चअखेर इंगळेसाहेब रिटायर होणार आणि बिऱ्हाड भुसावळला जाणार. म्हणजे आमच्या हातात एक वर्ष होतं.

*

खूण काय, तर निळं लाकडी दार आणि वर गणपती.

आता जयपुरात गणपती कुठल्या दारावर नाही? पहिल्याच रविवारी आम्ही एका गल्लीत अठ्ठावीस गणपती मोजले.

इंगळेसाहेबांना पत्ता विचारला. ते म्हणाले, "मला गाडीचा नंबर विचारा, घराचा विचारू नका." मग बराच विचार करून म्हणाले, "स्टेशनपासून सायकलवर अठरा मिनिटं. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

मग काय! गजभियेंनी कुठून तरी सायकल पैदा केली. इंगळेसाहेबांनी स्टेशनबाहेर घड्याळ लावलं, शिट्टी मारली आणि निघाले. आम्ही मागून रिक्षात. बरोबर अठराव्या मिनिटाला ते धापा टाकत एका टायर पंक्चरच्या दुकानासमोर उतरले आणि म्हणाले, "हेच घर."

"अहो, अजून जुन्या शहराचा दरवाजासुद्धा आला नाही!" मी म्हटलं.

"मॅडम, तेव्हा मी सत्तावीसचा होतो," ते म्हणाले आणि तिथंच टायरवर बसले.

*

फोटो काढणाऱ्याला दार बंद हवं असतं. नक्षी, कड्या, पितळी फुलं, सगळं बंद दारावर दिसतं. आणि जयपूरचा माणूस! तुम्ही त्याच्या दारासमोर दोन मिनिटं उभे राहिलात की तो दार सताड उघडतो. "पधारिए, पधारिए!"

"भैया, जरा दरवाजा बंद करेंगे?" तन्वी गोड आवाजात म्हणते.

त्या गृहस्थाचा चेहरा पडतो. आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावायचं? एका आजोबांनी तर स्पष्ट सांगितलं, "बेटा, हमारे यहाँ ये नहीं होता."

आम्ही हात जोडून विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी तोडगा काढला. आम्हा चौघांना आत घेतलं, चहा पाजला आणि मग दार लावलं. झालं! दार बंद, आम्ही आत. आमच्याकडं त्या दाराचा आतल्या बाजूचा फार सुंदर फोटो आहे.

*

गजभियेंना खिशात तीन पेनं लावल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. काखेत फाइल असते. त्यात काय आहे म्हणून एकदा बघितलं, तर वर्तमानपत्र आणि बिस्किटांचा पुडा.

अशा अवतारात ते एका गल्लीच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढत होते. एका खिडकीतून बाई डोकावल्या. मग दुसरी खिडकी उघडली. कुणीतरी हळूच म्हणालं, "नगर निगम वाले आ गए!"

पुढच्या पाच मिनिटांत काय पळापळ! पायरीवरची खाट आत, कुंड्या आत, शिलाई मशीन आत, चार स्कूटर गायब. एका माणसानं रस्त्यावर मांडलेलं पापडाचं अख्खं दुकान कडेवर उचलून नेलं. गल्ली अशी लख्ख झाली की आमचे डोळे दिपले.

"अरे बाप्पा! मी का केलं?" गजभिये घाबरून म्हणाले. "मी तं फक्त उभा होतो!"

"असेच उभे राहा," शैलाताई म्हणाल्या. "दारं आता कशी स्वच्छ दिसतात बघा!"

तेव्हापासून गर्दीच्या गल्लीत आम्ही गजभियेंना पुढं पाठवतो.

*

तन्वीला दारं दातांसारखीच दिसतात. "मावशी, याचा बिजागर हिलतोय, हा निकालना पडेगा." "ह्याची कॅप किती छान बसवलीय, मतलब एकदम फिट!" हे ऐकायची आम्हाला सवय झाली होती.

एका हवेलीच्या दारात म्हाताऱ्यांची बैठक भरली होती. तिथं ती हे बोलली आणि एकानं विचारलं, "बिटिया डॉक्टर है?" हिनं हो म्हणून सांगितलं. आधी कुणाला सांगू नये ते! त्यांनी तिथंच पायरीवर 'आ' केला. तन्वीनं मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. मागं रांग लागली. सात जण! एकांनी तर आमच्याकडं स्वतःची कवळी धरायला दिली.

तासाभरानं कसाबसा फोटो काढला. हवेलीचं दार त्यात तेवढं बंद आहे. बाकी सगळ्यांची तोंडं उघडी.

*

हा गजभियेंचा खास.

दारांवर लाकडी पोपटांची तोरणं लावलेली असतात. गजभियेंना ती भारी आवडली. त्यांनी बाजारातून एक छानसं आणलं आणि जवाहर नगरातल्या घराच्या दारावर ठोकलं. आम्हाला फोटो पाठवला, "आपलं बी दार!"

दुसऱ्या दिवसापासून शेजारी बोलेनात. समोरच्या शर्माजींनी मान फिरवली. इस्त्रीवाल्यानंही तोंड वाकडं केलं. चार दिवसांनी शर्मीणबाई न राहवून भडकल्या, "भाईसाहब, बिटिया की शादी कर दी और हमें बुलाया तक नहीं?"

इथं ते पोपटांचं तोरण मुलीच्या लग्नात लावतात! नवरदेव येतो, त्याला तलवार टेकवतो, मग आत जातो. लग्न झाल्यावर ते तसंच दारावर राहतं. गजभियेंची मुलगी प्रणाली पुण्याला शिकतेय, आणि लग्नाचं नाव काढलं तर फोन ठेवून देते.

गजभियेंनी घाईघाईनं स्टूल आणलं आणि तोरण उतरवलं.

संध्याकाळी अख्खी गल्ली भेटायला आली. शर्मीणबाईंनी मिसेस गजभियेंना जवळ घेतलं. "इतनी जल्दी टूट गई? लड़के वाले ही खराब होंगे!"

रात्री प्रणालीचा फोन आला. तिला शर्मांच्या मुलीनं कळवलं होतं. "बाबा, माझं लग्न झालं, मोडलं पण! मला निदान सांगायचं तरी!"

*

दिवाळी झाली, संक्रांत झाली. शैलाताईंचं दार काही मिळेना. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी एका निळ्या दारासमोर त्या थबकल्या. "हेच!"

शैलाताईंनी उंबऱ्याला हात लावला आणि ज्या रडायला लागल्या! आतून एक बाई आल्या. शैलाताई त्यांच्या गळ्यात पडल्या. त्या बाईही रडायला लागल्या. आत नेलं, पाणी दिलं, कचोरी मागवली. मधे मधे दोघी एकमेकींकडं बघून परत रडत होत्या. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू!

मग शैलाताईंनी हुंदका आवरून विचारलं, "जीजी कैसी हैं?"

"कौन जीजी?" बाई म्हणाल्या. "ये मकान तो हमने बारह साल पहले बनवाया है. जमीन खाली पड़ी थी."

मी विचारलं, "फिर आप क्यों रो रही थीं?"

"अरे, ये इतने मन से रो रही थीं," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "अकेली कैसे छोड़ देते!"

बाहेर आल्यावर आम्ही तिघं पोट धरून हसलो. शैलाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता शोधू नका. तिला वाटलं असेल, भाडेकरीण होती, गेली." मला फार वाईट वाटलं तेव्हा.

*

पाडवा आला. इंगळ्यांचं सामान आदल्या दिवशीच ट्रकनं गेलं होतं. क्वार्टरमध्ये दोन सतरंज्या आणि एक बादली, गुढी कशाची उभारणार! गजभियेंच्या घरी गुढी नसते, पण तेच म्हणाले, "ताई, अशा बसून नका राहू. चला, एक शेवटची फेरी मारू." इंगळेसाहेबही निघाले.

एका अरुंद गल्लीत तन्वी वर बघत म्हणाली, "मावशी, हे लोक लोटा असा उलटा का सुकवतात?"

आम्ही वर बघितलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक काठी बाहेर आली होती. तिच्यावर पालथा लोटा, कडुलिंबाची डहाळी, दोऱ्यात ओवलेले बत्तासे, आणि साडी किंवा खण असतो तिथं रेल्वेची हिरवी झेंडी!

शैलाताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"ती माझी गुढी आहे," त्या म्हणाल्या.

मग तिथंच गल्लीत उभं राहून त्यांनी सांगितलं. तेहतीस वर्षांपूर्वीच्या पाडव्याला साड्यांची ट्रंक भुसावळहून यायची होती. घरात नवं कापड म्हणून नाही. म्हणून त्यांनी नवऱ्याची हिरवी झेंडीच गुढीला बांधली. गाठ्या कुठून मिळणार, म्हणून बत्तासे ओवले. जीजी तेव्हा माहेरी गेलेली. दुपारी इंगळेसाहेब टेम्पो घेऊनच आले, क्वार्टर मिळालं, आजच ताबा घ्यायचा! दोन तासांत भांडीकुंडी भरली आणि निघाले. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची असते, ती तशीच राहिली.

"मला वाटलेलं, तू उतरवलीस," इंगळेसाहेब म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही!"

खाली दार लोखंडी होतं, तपकिरी. निळ्याचा कुठं मागमूस नाही. गजभियेंनी कडी वाजवली. सुनेनं उघडलं. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी. शैलाताई नुसत्याच वर बोट दाखवत राहिल्या.

म्हातारीनं चष्मा लावला. आधी शैलाताईंकडं बघितलं, मग इंगळेसाहेबांकडं, आणि जी कडाडली!

"आई अब? मैं पीहर से लौटी तो कमरा खाली, और खिड़की पे ये टँगा हुआ! न पूजा मालूम, न पाठ मालूम, किससे पूछती? पर इतना तो मैं भी जानूँ कि हरी झंडी दिखाओ तो गाड़ी आती है. बोलो गार्ड साहब, आती है ना? तैंतीस साल से, हर बरस इसी दिन, नई डाली बाँधकर दिखा रही हूँ!"

इंगळेसाहेबांनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग खाली वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"जीजी," ते म्हणाले, "गाड़ी लेट हो गई."