बुरुंडीचं नाणं

सोनाराच्या दुकानात पेटत्या कोळशांचा वास आला की मला तंजावूरचं आमचं घर आठवतं, माझ्या लग्नाआधीचं.

माझा थोरला भाऊ, रामूअण्णा, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बुरुंडीत नोकरीला होता. तिथल्या राजाची छबी असलेली दुर्मिळ सोन्याची नाणी त्यानं पगारातून एकेक करून जमवली होती. सुट्टीत आला, तेव्हा बरोबर आणली. तो विहिरीवर अंघोळीला गेला तेवढ्यात आमच्या वडिलांनी, आप्पांनी, घरी बोलावलेल्या सोनाराला त्यातलं एक माझ्या मंगळसूत्रासाठी मुशीत टाकायला लावलं.

ते कळताच अण्णा ओलेत्यानं धावत आला. त्यानं शेगडी लाथाडली, आप्पांचा गळा धरला आणि त्यांचं डोकं खांबावर आपटलं. त्यांच्या कानामागून रक्त ओघळलं.

"अण्णा, सोड! मरतील ते!" मी किंचाळले. तो ऐकेना. मी सोनाराचा तापलेला चिमटा उचलला आणि अण्णाच्या मनगटावर दाबला. कातडी चरचरली, तेव्हा कुठे हात सुटला.

त्या दिवशी तो मला राक्षस वाटला. आज वाटतं, त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

लग्नाला तो येईल असं वाटलं नव्हतं. पण आला. पट्टी बांधलेल्या हातानं माझ्या ओंजळीत लाह्या घालताना हळूच म्हणाला, "त्या दिवशी तुझा हात भाजला नाही ना गं?"