शेवंताबाईची परात

शेवंताबाईच्या पाळणाघराला पाटी नव्हती. तळवलीत शिरून कोणालाही विचारायचं, "पोरं सांभाळणारी म्हातारी कुठं राहते?" की तो घरापर्यंत आणून सोडायचा. खालच्या दोन खोल्या तिच्या. वर तिचा मुलगा हिरामण, सून अरुणा आणि सात वर्षांचा नातू तेजस. शेती नव्या मुंबईसाठी सरकारनं घेतली, त्या पैशांत दुमजली घर आलं आणि वरच्या मजल्यावर डायनिंग टेबल आलं. शेवंताबाई त्या टेबलावर एकदाच जेवली. पाय लोंबकळत ठेवून घास उतरत नाही म्हणाली आणि खाली आली ती आलीच.

शहाण्णव साली तिच्याकडे पाच पोरं होती. सगळ्यांचे आईबाप महाप्याच्या कंपन्यांत. सकाळी पोर आणि डबा तिच्या हवाली करायचे आणि पळायचे. डब्याबरोबर सूचना आल्याच. त्यात सगळ्यात लांबलचक स्मिताच्या. ती सानपाड्याहून यायची, स्कूटरवर मनालीला पुढे उभं करून. "मावशी, गाजर किसूनच द्या हं. आणि घास गालात धरून बसली तर सरळ ओरडा." मनाली चार वर्षांची, अगदी काडीपैलवान. घरी तिची अर्धी पोळी संपायला एक तास, दोन गोष्टी आणि एक धपाटा लागायचा.

शेवंताबाई मान डोलवायची आणि करायचं तेच करायची. बारा वाजले की मोठी परात मधोमध ठेवायची आणि पाचही डबे तीत रिकामे करायची. कोणाची खिचडी, कोणाची मेथी, कोणाची मटकीची उसळ. वर स्वतःच्या तांदळाच्या भाकरीचे तुकडे आणि वाटीभर दही. हंडी फुटल्यावर गावात काला करतात, तसा हिचा रोजचा काला. मग ती स्वतःही कडेला मांडी घालून जेवायला लागायची. पोरांकडे ढुंकूनही बघायची नाही. 'खा' हा शब्द त्या खोलीत वर्ज्य. बोलायची ती भलतंच. कोंबडी कुठं अंडं घालते, शेजारच्या किसनच्या म्हशीनं कोणाचं वाळवण खाल्लं. ऐकता ऐकता पोरं हात घालायची. एकानं घेतलं की दुसऱ्याला धास्ती, आपल्याला उरतंय की नाही! अर्ध्या तासात परात चाटूनपुसून साफ.

तीन महिन्यांत मनालीचे गाल वर आले. स्मितानं विचारलं, "मावशी, तुम्ही करता तरी काय?"

"काय करत नाय," शेवंताबाई म्हणाली. "तेच तर करतो आमी."

खोटं नव्हतं ते. परक्यांची पोरं. खाल्लं तर बरं, नाहीतर संध्याकाळी भूक लागेलच की! तिला त्यांची फिकीर नव्हती.

फिकीर होती ती वरच्या एकट्याची. तेजस सकाळची शाळा करून आला की टीव्हीपुढे बसायचा आणि अरुणा ताट घेऊन त्याच्या विनवण्या करायची. शेवटी हात टेकून नूडल्स करून द्यायची. जिन्यावरून खालची परात दिसली की तो नाक मुरडायचा. "शी! सगळ्यांचं उष्टं!" म्हातारीच्या काळजात कळ उठायची. जगाची पोरं जेवू घालते आणि सख्खा नातू आपल्या हातचं शिवत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मे महिन्यात तेजसला चक्कर आली. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले. पालेभाज्या, कडधान्यं द्या. अरुणाचा चेहरा एवढासा झाला. "आई," ती सासूला म्हणाली, "उद्यापासून हा तुमच्या पोरांत जेवू दे."

आणि इथंच म्हातारी चुकली. तिनं पहाटे उठून वालाचं बिरडं केलं, अळूवड्या तळल्या. तेजससाठी पाट मांडला, वेगळं ताट वाढलं. स्वतः जेवायला बसलीच नाही, त्याच्यासमोर उकिडवी बसली. "खा रं माज्या राजा. एकच घास. आजीचा."

तेजसनं तोंड मिटलं. तिनं घास ओठांना लावला, त्यानं तो हातानं उडवला. बिरडं तिच्या लुगड्यावर सांडलं आणि पोरगा रडत वर पळाला. इकडे परातीभोवतीची पोरं घास हातात धरून बघत राहिलेली. मनाली म्हणाली, "मला पण पाट पाहिजे. मला पण भरव. नाहीतर मी नाही जेवणार जा!" त्या दिवशी निम्मा काला गुरांना घालावा लागला.

संध्याकाळी परात घासताना शेवंताबाईनं स्वतःलाच झाडलं. "शेवंते, तुला अक्कल हाय का गं? सून करते तेच केलंस ना?"

दुसऱ्या दिवशी पाट नाही, ताट नाही. तेजस दाराशी घुटमळत होता, त्याला ती काही बोलली नाही. आपल्या नजरेचा तिला भरवसा नव्हता. बघितलं तर राहवणार नाही. म्हणून तिनं आपली भाकरी घेतली, परातीकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि किसनच्या म्हशीची गोष्ट सुरू केली. म्हैस वाळवणात शिरली, पापड तुडवले, किसन काठी घेऊन धावला.

"ए, ते माझं आहे, तिकडून घे," मागून मनाली कोणाला तरी म्हणाली.

"मग म्हशीला मारलं का?" तेजस विचारत होता. तोंड भरलेलं होतं त्याचं.

शेवंताबाईला वाटलं, एकदाच वळून बघावं, एकदाच! ती वळली नाही. "नाय रं, मारतील कशाला?" म्हणाली आणि गोष्ट पुढं ओढत राहिली.

तेजस पुढची चार वर्षं त्या परातीत जेवला. म्हातारीनं भिंतीकडचं तोंड काही वळवलं नाही. अरुणा मात्र जिन्यात उभी राहून रोज बघायची. संध्याकाळी सासू तिला हळूच विचारायची, "कसा खाल्ला गं? भाजी घेतली का? बोटं चाटली का?" आणि अरुणा पहिल्या घासापासून सांगायला लागायची.