दंडातला उंदीर

अर्धांगवायूने सरांचा उजवा हात गेला. काल भेटायला गेलो तेव्हा काकू त्या हाताला कोमट तेल चोळत होत्या आणि सैल कातडी त्यांच्या बोटांखाली नुसतीच सरकत होती.

सरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. ‘मसल’ हा शब्द आला की ते बाही वर सारून याच हाताचा दंड फुगवायचे आणि एकेकाला हात लावून बघायला सांगायचे. म्हणायचे, “हा शब्द लॅटिनमधून आलाय. मूळ अर्थ छोटा उंदीर. बघ, कातडीखाली पळतोय का?” आपण त्यालाच बेटकुळी म्हणतो, म्हणजे छोटी बेडकी. इतक्या दूरच्या दोन भाषांना माणसाच्या दंडात एकेक जिवंत प्राणी दिसला, याचं तेव्हा नवल वाटायचं. तो एक दिवस निघून जातो, हे मात्र दोन्ही भाषांनी सांगून ठेवलं नव्हतं.

सरांची वाचाही गेली आहे. त्यांनी डाव्या हाताने माझं बोट धरलं, त्या दंडावर ठेवलं आणि वर्गात थांबायचे तसे उत्तरासाठी थांबले.

“पळतोय, सर,” मी म्हणालो.

चुकलेल्या उत्तराला हलवायचे तशीच त्यांनी मान हलवली.