माझे बूट घालून बुडालेला माणूस

हसणार नाही असं आधी कबूल करा. जाऊ दे, कबूल करूनही हसालच. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा माझाच शर्ट बदलावा लागला होता.

मी सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात सॅम्पल बघायचं काम करतो. दिवसभर उभं राहायचं. त्यामुळे माझी उजवी टाच कायमची दुखते, आणि त्यामुळे बूट ह्या विषयावर माझी मतं फार ठाम आहेत. तळ कसा हवा, टाचेखाली किती मऊ हवं, लेस किती आवळावी, काहीही विचारा. कुणी विचारत नाही, तरी मी सांगतो.

दुसरा विषय मासे धरण्याचा. मोबाईलवर अमेरिकेतले लोक बास नावाचा मासा धरतात, त्याचे व्हिडिओ मी वर्षभर पाहिले. मग तसली काठी मागवली, तसलं रीळ, रबरी बेडूक, रबरी गांडुळं, पाण्यात फिरणारं चमकतं पातं, बावीस खिशांचं जाकीट. हा बास आपल्याकडे नसतोच, हे सगळं सामान घरी आल्यावर कळलं. पण मतं बनलेली होती, ती काय परत पाठवता येतात? दोन वर्षांत मी तीन चिलापी धरल्या. त्यातली एक शेपटीला अडकून आली, पण ती मी मोजतो.

ह्या दोन्ही विषयांवर सल्ला द्यायला मी मित्रांचा एक ग्रुप काढला होता. सल्ला देणारा मी एकटाच. बाकीचे अंगठा दाखवायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात मी तलावाच्या काठावरून घसरलो. मला पोहता येत नाही. शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसानं माझ्याच काठीला धरून मला बाहेर ओढलं. घरी आलो तेव्हा सुनंदा, म्हणजे आमची बायको, दारातच उभी होती. तिचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत गेला, त्यामुळे पाणी म्हटलं की ती धसकते. तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "एकटं पाण्यावर जायचं नाही. शप्पथ घ्या." मी घेतली, आणि मनापासून घेतली.

सहा महिने पाळलीसुद्धा. मग जानेवारीत नवे बूट आले.

राखाडी रंगाचे, पाण्याला न घाबरणारे, टाचेखाली दोन बोटं जाड गादी. असे बूट आल्यावर माणूस रविवारी घरी बसू शकतो का? तुम्ही बसला असता. मी शनिवारी रात्री सुनंदाला सांगितलं की उद्या कारखान्यात माल मोजायचा आहे, पहाटेच जावं लागेल. तिनं डब्यात दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी भरून ठेवली. माल मोजायला जाणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून. आजही ती भाकरी आठवली की मला लाज वाटते.

पहाटे पाचला उठलो. दिवा लावला नाही, ती जागी झाली असती. दाराजवळ चाचपडून बूट शोधले, पाय घातले, आणि काय सांगू, टाच जणू लोण्यात गेली. वळसंग गाव ओलांडल्यावर स्कूटर थांबवून ग्रुपवर आवाजी निरोपही टाकला: "मित्रांनो, बूट असावा तर असा. आपल्याकडच्या माणसाला हे जन्मात जमायचं नाही."

मग मोबाईल मुका करून डिकीत टाकला. सुनंदाचा फोन आला असता आणि मागे टिटवी ओरडली असती तर कारखान्यात टिटवी कुठून आणणार? स्कूटरही कडब्याच्या गंजीमागे लपवली. ओळखीचं कुणी दिसलं तर नको. बघा, किती डोकं लावलं होतं.

त्या तलावाच्या काठाला साती आसरांचे सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. पाण्यातल्या देवी त्या. त्यांच्यापुढे पायताण घालून जायचं नाही, हातात धरूनही न्यायचं नाही, ही तिथली रीत. मी अंधारात बूट काढून दगडांपाशी ठेवले, नमस्कार केला, पंचवीस पावलं अनवाणी गेलो आणि देवींना दिसणार नाही अशा ठिकाणी पिशवीतले रबरी सँडल घातले. मग बाभळींच्या पलीकडे, तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.

साडेआठपर्यंत एकही मासा लागला नाही. ऊन चढलं, जाकीट काढून पिशवीत कोंबलं. परत निघालो तर दगडांपाशी वीस-पंचवीस माणसं. एक बाई शेळ्या सोडून कपाळाला हात लावून बसलेली. एक म्हातारा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून बांबूनं पाणी ढवळत होता. तो शिवप्पा, त्या तलावात जाळी टाकणारा. आणि काठावर वही घेऊन उभे असलेले गावचे पोलीस पाटील.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"मानूस बुडालाय," पाटील म्हणाले. "सकाळपास्नं बूट हितं पडल्यात, मानूस न्हाय. ह्या मावशीनं पयल्यांदा बगितलं. लई हाका मारल्या."

तुमच्या लक्षात आलं ना? इतक्या लवकर? माझ्या नाही आलं. कारण मी पुढे होऊन बूट पाहिले, तर ते काळे होते. जुनेच, पण काळेभोर रंगवलेले. माझे राखाडी. आणि माझे राखाडी बूट तिथे कुठेच नव्हते.

"तुमी कोन?" पाटलांनी वही उघडली.

खरं नाव सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सुनंदाला कळलं असतं. "जोशी," मी म्हणालो. "पुण्याहून आलोय." पाटलांनी लिहून घेतलं.

पण बुटांचं दुःख मला गप्प बसू देईना. "पाटील, माझेही बूट इथेच होते. नवे. ते गेले."

"गेले म्हंजे?"

मी विचार केला. आणि मित्रहो, मी विचार केला की असंच होतं. "सरळ आहे," मी म्हणालो. "ह्या माणसानं स्वतःचे जुने बूट इथे काढले, माझे नवे घातले आणि पाण्यात गेला."

पाटलांचं पेन थांबलं. "बुडायला जाताना तुमचं बूट कशाला घालंल वो?"

"ते पाण्यातही चालतात ना."

हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी लिहिलं. मला मात्र त्या बुडालेल्या माणसाचा राग यायला लागला. जीव गेला ते वाईटच, पण दुसऱ्याचे बूट घालून? शिवाय साती आसरांच्या समोर?

"बुटावरनं मानूस कळंल का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. आता मला बुटांबद्दल विचारल्यावर मी थांबतो होय? मी तो काळा बूट उचलला आणि व्याख्यान सुरू केलं. टाच बाहेरच्या बाजूला झिजलेली, म्हणजे माणूस फेंगडा चालतो. मागची कड दबलेली, म्हणजे लेस न सोडता पाय कोंबतो, आळशी आहे. "आणि हा आतला मऊ तुकडा बघा, नंतर बसवलाय. ह्याच्यासाठी घरात कुणीतरी जीव टाकतंय आणि ह्याला त्याची जाणीव नाही." हे शेवटचं मला कुठून सुचलं देव जाणे. शेळ्यांवाल्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात शिवप्पा ट्यूबवरून ओरडला, "इल्ला! काय बी न्हाय हितं!"

आणि मी काठी जोडली. "बाजूला व्हा. ही दोरी वीस किलोचा मासा ओढते. माणूस नाही, निदान बूट तरी वर काढतो." तीन काट्यांचा मोठा गळ लावला, व्हिडिओत फेकतात तसा डोक्यावरून फिरवून फेकला. दोन वर्षांत माझा नेम कधी लागला नव्हता. त्या दिवशीही नाही. गळ सरळ शिवप्पाच्या ट्यूबमध्ये घुसला.

मोठा सूं आवाज झाला. शिवप्पा हळूहळू खाली बसायला लागला, तोंडानं कानडीत काहीतरी म्हणत, जे मला कळलं नाही आणि कळायला नको होतं. काठावर आरडाओरडा झाला. आणि मग शिवप्पा उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं.

इथे तरी कुणी विचारायला हवं होतं की कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडाला कसा. कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी "ओढू का?" एवढंच विचारलं.

ह्या गडबडीत वरच्या रस्त्यावर एक रिक्षा थांबली. त्यातून आमच्या शेजारच्या वहिनी उतरल्या आणि त्यांच्या मागे सुनंदा. पायात चप्पल नाही, केस तसेच. मला वाटलं, संपलं, पकडलो गेलो. मी पटकन दोन माणसांच्या मागे सरकलो.

मला काय माहीत की पाटलांनी सकाळीच बुटांचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकला होता? 'तलावावर मिळालेले बूट, ओळख पटल्यास कळवावे.' तिथून तो कुणाच्या तरी मेव्हण्याकडे, तिथून बचत गटाच्या बायकांकडे, आणि आठ वाजायच्या आत सुनंदाच्या हातात. तिनं मला सतरा फोन केले. मी ते नंतर डिकीत मोजले.

ती कुणाकडे न बघता थेट बुटांपाशी गेली. एक बूट उचलून मांडीवर घेतला आणि खाली बसली. रडली नाही. नुसती त्याच्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिली.

आणि मी काय केलं असेल? मला अजूनही काही कळलं नव्हतं, खरंच सांगतो. मला वाटलं, ती चुकीच्या बुटांसाठी बसली आहे. मी गर्दीतून पुढे झालो आणि तिला समजावलं, "अगं, हे माझे नाहीत. माझे राखाडी. ते चोरीला गेलेत."

तिनं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग बूट खाली ठेवला, उठली, आणि माझे दोन्ही दंड धरून चाचपले. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. आणि तेव्हा कुठे मला कळलं, ती बुटांसाठी नाही, माझ्यासाठी बसली होती.

"नवे खोक्यातच आहेत," ती हुंदके देत म्हणाली. "धूळ नको म्हणून मी ठेवले. हे तुमचे जुने तपकिरी, भंगारात दे म्हणाला होतात ते. नाक्यावरच्या मोच्याकडून नवा तळ लावून घेतला. काळा रंग दिला. टाचेत गादी बसवायला त्याला चार वेळा सांगितलं. दाराशी ठेवले होते, तुम्हाला दाखवायला."

म्हणजे पहाटेपासून मी ज्या बुटांचं कौतुक करत होतो, जे आपल्याकडच्या माणसाला जन्मात जमणार नाहीत, ते नाक्यावरच्या मोच्यानं केले होते. माझी टाच इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुखली नव्हती, ती त्याच्यामुळे आणि हिच्यामुळे. मी मान खाली घातली. दुसरं काय घालणार?

इकडे पाटलांचा गोंधळ वाढत चालला होता. ते वहीची पानं मागे-पुढे करत होते.

"थांबा वो ताई. बुडालेला मानूस ह्यो?"

"हो."

"आन बूट चोरनारा?"

"तोही हाच," मी म्हणालो.

"मग पुन्याचं जोशी कुटं गेलं?"

मी हळूच हात वर केला. शिवप्पा चिंब ओल्या अंगानं काठावर आला, फाटकी ट्यूब त्याच्या गळ्यात लोंबत होती. "म्हंजे मी सकाळधरनं ह्येलाच हुडकत हुतो?" त्यानं विचारलं. "आन ह्यो काठावर हुबा ऱ्हाऊन मला गळ मारत हुता?"

मी त्याला नवी ट्यूब आणून द्यायचं कबूल केलं, त्याच्या पाया पडलो, मावशींच्याही पडलो. देवींच्या पाया पडायला गेलो तर मावशी म्हणाल्या, "आदी पायातलं काड की." रबरी सँडल अजून पायातच होते.

शेवटी पाटलांनी एक कोरं पान काढलं. "आसं हाय," ते दमून म्हणाले, "मानूस घावला म्हनून लिव्हतो आन मिटवतो. पन खाली ह्यो मानूस त्योच हाय म्हनून वळखनाऱ्याची सही लागंल. कुनाची घिऊ?"

"माझी घ्या," मी लगेच पुढे झालो. "माझ्याइतकं मला कोण ओळखणार?"

सुनंदानं डोळे पुसले आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"त्यांची नको, भाऊ," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर बूट होते, तेही त्यांना ओळखता आले नाहीत."