आबांची शेवटची दाढ

आमच्या आबांना वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मी मारलं. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, पण त्यात माझं काही कौतुक नाही.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आई-वडील लवकर गेले, आबांनीच मला वाढवलं. मी इतकी बुजरी, की चौथीपर्यंत आबा माझ्यासाठी वर्गाच्या दाराबाहेर बसून राहिले. (गुरुजींनी गणित मला विचारलं की उत्तर बाहेरून यायचं.) पाचवीच्या शाळेत बाहेरच्या माणसाला बसू देत नव्हते, म्हणून आम्हा दोघांचं शिक्षण तिथंच थांबलं. पुढं माझं लग्न झालं, तर पाठोपाठ आबाही मुकुंदवाडीला राहायला आले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पोरगी बोलत नाय जावईबापू. तिचं बोलणं सांगायला कुणीतरी लागंल तुम्हाला."

आबांची लेक, माझी गंगूआत्या, सोयगावला असते. तिच्या नातवाच्या बारशाला आबांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि भर मांडवात म्हणाले, "हुबेहूब तुझा सासरा गं गंगे. निस्त्या मिशा यायच्या राहिल्यात." त्या सासऱ्यानं आत्याला जन्मभर छळलेलं. सगळा मांडव हसला, आत्या हसली नाही. तिनं आबांशी बोलणं टाकलं, ते दोन वर्षं. आबा वरवर मजेत असायचे. पण सोयगावचं कुणीही भेटलं की विचारायचे, "आमची गंगी जेवती ना नीट?"

अशात आबांची शेवटची दाढ काढली. गाल सुजला. मी पांढरं फडकं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली आणि त्यांना खाटेवर झोपवलं. फडक्यातून आबा म्हणाले, "गंगीला फोन कर. म्हणावं, बापाला तुला बघायचंय. माफी मागायला मी कवाबी तयार हाय, पर मानूस समोर तर पायजे."

फोनवर बोलायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. म्हणून मी कॅलेंडरच्या मागं आधी लिहून काढलं. 'आत्या, आपले आबा जरा आजारी आहेत, दाढ काढली, काळजीचं काही नाही, पण तुला बघायचं म्हणतात.' छान जमलं होतं. पण तिकडून आत्या "कोण बोलतंय?" म्हणाली आणि दोन वर्षांनी तो आवाज कानावर पडला.

"आत्या... आपले आबा..."

एवढंच वाचून झालं. पुढं हुंदका आला आणि मी फोन ठेवला. तो लगेच परत वाजायला लागला. मी घाबरून तो पिठाच्या डब्यात ठेवला. (झाकण लावलं की बराच कमी ऐकू येतो.)

दुपारी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि रडण्याचा आवाज आला. आमच्याकडं वळणापासूनच रडत यायची रीत आहे, आणि आत्यानं रीत कधी मोडली नाही. मागून तिच्या तीन जावा-नणंदा, पुढं तिचा मुलगा हातात हार घेऊन. शेजारच्या सलीमभाईंनी गिरणी बंद केली आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायला घेतल्या. "सुबे तो चच्चा मेरेकू आँख मारे थे," म्हणून डोळे पुसायला लागले.

खरं काय ते मी सांगायला हवं होतं. पण दारात चाळीस माणसं. एवढ्या लोकांसमोर मला कुठलं बोलता येतंय? मी पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिले. त्यावरून ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

आत्या आत धावली. खाटेवर आबा औषधाच्या गुंगीत, हनुवटी बांधलेली. तिनं त्यांच्या अंगावरच स्वतःला झोकून दिलं.

"बाबा रं माझ्या! कुनाला वाकडा शबुद बोलला नाय माझा बाप!"

आबांना जाग आली होती. मला त्यांच्या पापण्या हलताना दिसल्या. पण स्वतःबद्दल इतकं चांगलं ऐकायला मिळाल्यावर कोण डोळे उघडेल? ते पडून राहिले.

"लई अबोला धरला रं मी," आत्या म्हणाली. "तू बोललास ते खरंच व्हतं. पोरगं थेट माझ्या सासऱ्यावर गेलंय. तसंच चिडतंय, तसंच ताट लोटतंय."

आबांनी एक डोळा उघडला. "मंग दोन वर्सं का गं छळलंस?"

एक जाऊ मोरीत पडली. सलीमभाई खुर्चीसकट मागं सरकले. आत्यानं बापाला आधी एक रट्टा दिला, मग मिठी मारली, आणि मग दोघं खरोखरचं रडली. आबांनी माफी मागितली. हार आणलाच होता, तो वाया जाऊ नये म्हणून गळ्यात घालून बसले आणि सगळ्यांना चहा करायला मला आत पिटाळलं. आत्या आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत माझ्याशी मात्र कुणी धड बोललं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आबा झोपेतच गेले. नवरा म्हणाला, "मी करतो फोन." मी म्हटलं, नको, हा मीच करणार. या वेळी हुंदका नाही, अडखळणं नाही. अख्खं वाक्य स्वच्छ बोलले. "आत्या, मी मुकुंदवाडीहून बोलतेय. आज सकाळी आपले आबा गेले."

आत्या म्हणाली, "तुझं काय खरं नसतं बाई. आबाला फोन दे."