लाखोळीवरून गाडी

गाडी घेताना घरात मी एकच अट कबूल केली आणि तेव्हा मला वाटलं, स्वस्तात सुटलो. बायको म्हणाली होती, "ही गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर विकायची. दुसऱ्याच दिवशी." मी म्हणालो, "विकीन." आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ऐकलं मी." म्हणजे साक्षीदारही झाला.

अटीला कारण होतं. आमची आधीची लहान गाडी दोन वर्षांपूर्वी देवरी-चिचगड रस्त्यावर ऐन जंगलात बंद पडली होती. चिचगड हे बायकोचं माहेर. मोबाइलला रेंज नव्हती. मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून देवरीला मिस्त्री आणायला गेलो. मिस्त्री जेवायला घरी गेलेला. तो सापडला तर त्याच्याकडे सामान नव्हतं. परत यायला मला तीन तास लागले. तेवढा वेळ ती काचा वर करून एकटी गाडीत बसून होती. मी आल्यावर तिनं काच खाली केली. गाडी सुरू झाली, आम्ही पुढे गेलो, आणि पुढच्या महिन्यात मी ती गाडी काढून टाकली. माझ्यापुरता विषय तिथे संपला होता.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नोकरी नवी होती तेव्हा नागपूरला जाताना एसटीच्या खिडकीतून एक करड्या रंगाची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी मी पाहिली होती. ती आमच्या बसला मागे टाकून गेली आणि तिचा आवाज नंतर आला. त्या आवाजासाठी मी वीस वर्षं थांबलो. पन्नाशीला एक वर्ष बाकी असताना तीच गाडी, म्हणजे त्याच जातीची, मला नागपुरात जुन्यात मिळाली. टर्बो इंजिन, सहा गिअर, आणि मीटरवर एक लाख बासष्ट हजार किलोमीटर. विकणारा म्हणाला, "सगळे हायवेचे किलोमीटर आहेत." जुनी गाडी विकणारे सगळे असंच म्हणतात, हे मला माहीत होतं. पण रिंगरोडवर मी पाय दाबला, पाठ सीटला चिकटली आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. अक्कल तिथेच संपली.

घरी आणल्यावर बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही दुसऱ्या गाडीपेक्षा वेगळं काय करते?"

"लवकर पोचते."

"कुठे?"

आमच्या गावाच्या रस्त्यावर बैल, ट्रॅक्टर आणि खड्डे यांच्यामधून चौथ्या गिअरच्या वर जायचं काम पडत नाही. राहिलेले दोन गिअर मी नुसते मनात टाकायचो.

खरी गंमत पुढे होती. जी गाडी मला सुखासाठी हवी होती, तिनं माझी झोप उडवली. रोज सकाळी चहाच्या आधी मी बॉनेट उघडून ऑइल बघायचो. जुन्या बनियनच्या चिंधीनं ऑइल मोजायची पट्टी पुसायची, परत घालायची, परत काढायची. डिकीत पाच-पाच लिटरच्या पाण्याच्या दोन कॅन, इंजिनचा एक पट्टा, फ्यूज, चिकटपट्टी, टॉर्च. बायको म्हणायची, "नळयोजना घेऊन फिरून राहिले तुम्ही." मी हसायचो आणि कॅनची झाकणं पुन्हा आवळायचो. ऊन वाढलं की माझी नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त. ती बाजूला बसलेली असली की मी बोलणंच बंद करायचो, कारण बोलण्यात आवाज ऐकू येत नाही. एकदा ती म्हणाली, "गाडीत बसलं का तुम्ही मुके होता." मी म्हणालो, "श्श, डाव्या बाजूनं काहीतरी कुरकुरलं." तिच्या पर्समधली बांगडी होती.

गोंदियाचा मिस्त्री हिंदीतच बोलतो. महिन्यातून दोनदा मी नवा आवाज घेऊन त्याच्याकडे जायचो. तो चक्कर मारून यायचा आणि चावी हातात द्यायचा. शेवटी एकदा म्हणाला, "सर, इंजन में कुछ नहीं है. आप सुनना बंद करो." मला त्याचा राग आला. त्याच्या घरात कोणी अट घातली नव्हती.

महाशिवरात्रीला आई म्हणाली, आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडला जाऊ. तिथे त्या दिवशी डोंगराखाली किती गर्दी असते ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. महादेवाला जाणारे, दर्ग्याला जाणारे, ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि मध्ये माझी ही वेगवान गाडी पहिल्या गिअरमध्ये तासभर. काटा चढायला लागला. इंजिन तापलं तर हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि काटा खाली उतरतो, हे मला ठाऊक होतं. मी हीटर सोडला. बाहेर फाल्गुनाकडे झुकलेलं ऊन आणि आत भट्टी. आईनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, "एसीचा गॅस संपला वाटते." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. काटा उतरला, आम्ही पोचलो. महादेवापुढे हात जोडून मी गाडीसाठी काय मागितलं ते सांगायची सोय नाही.

त्यानंतर आठवड्याभरात लाखोळी, म्हणजे लाख डाळीचं पीक, निघाली. आमच्याकडे धान उभा असतानाच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लाखोळी फेकतात. धान कापला की ती ओलीवर वाढते, आणि वाळली की वेलीसकट उपटून डांबरी रस्त्यावर पसरतात. येणारीजाणारी वाहनं वरून गेली की शेंगा फुटून दाणे मोकळे होतात. मळणीचा सगळा खर्च वाहनवाल्यांचा. आईची लाखोळी वर्षानुवर्षं एसटीनं मळून दिली आहे. पण आता गावाबाहेरून नवा सिमेंटचा रस्ता झाला आणि एसटी तिकडूनच जाते. आई सकाळपासून दारासमोर वेली पसरून बसली होती. दुपारपर्यंत तीन मोटारसायकली आणि एक सायकल गेली.

मी शाळेतून आलो तर ती कमरेवर हात ठेवून उभी. "काऊन रे, तुही गाडी उभीच हाय नं? दे दोन चकरा."

ती गाडी किती खाली आहे, तिच्या पोटाखालचा धुराचा पाइप किती तापतो, हे मला माहीत होतं. वाळलेली वेल कशी पेट घेते हे तर मी मुलांना शिकवतो. पण आणल्यापासून त्या गाडीला घरच्यांनी पहिल्यांदाच काही काम सांगितलं होतं. आजवर ती माझं खूळ होती. नाही म्हणालो असतो तर आई म्हणाली असती, मग कायले आणली. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी गाडी काढली.

दोन चकरांच्या तीस झाल्या. पुढे जायचं, मागे यायचं, आई काठीनं वेली उलटायची, परत पुढे. शेंगा चाकाखाली तडतडत होत्या. शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "मास्तरची गाडी बैलाच्या वर निघाली." आई चार महिन्यांत पहिल्यांदा त्या गाडीकडे पाहून हसली. संध्याकाळी तिनं दाणे पाखडून एक पिशवी भरली आणि बायकोला दिली, "उद्या माहेरी नेजो. वडे करतील." दुसऱ्या दिवशी चिचगडला तिच्या भावाच्या नव्या घराचं जेवण होतं. मी गाडीखाली वाकून पाहिलं का? ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, टायर पाहिले. खाली नाही पाहिलं.

सकाळी निघालो. कोहमाऱ्याला हायवे लागला आणि रस्ता रिकामा होता. बायकोला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "एवढी कौतुकाची गाडी. पळवा ना, पाहू तरी." मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मी पाचवा टाकला, मग सहावा. तोच आवाज आला, बसच्या खिडकीतून ऐकलेला. तिनं दाराची मूठ धरली आणि हसली. देवरी येईपर्यंत मी काट्याकडे पाहिलंच नाही. चार महिन्यांत तेवढाच वेळ मी त्या गाडीत सुखानं बसलो होतो.

देवरी सोडून चिचगडच्या जंगलात शिरलो आणि वास आला. इतके महिने मी आवाजासाठी कान टवकारून बसलो होतो, आणि संकट नाकातून आलं. आधी वाटलं, कोणी जंगलात पालापाचोळा जाळलाय. मग बॉनेटच्या फटीतून धूर दिसला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि ओरडलो, "उतर." ती पिशवी उराशी धरून उतरली.

खाली वाकलो तर पाइपाच्या वर वेलींचा दाट गुंता अडकलेला, आणि तो धुमसत होता. डिकीतल्या दोन्ही कॅन मी ओतल्या. मी काठीनं ओढत होतो, ती हातानं. निघालेल्या काळ्या चिपाडात न फुटलेल्या दोन-चार शेंगा होत्या. तिनं एक उचलली, पाहिली आणि मला दाखवली. मी नजर चुकवली. विस्तव विझला, पण एक वायर वितळली होती. गाडी सुरू झाली की खोकायची आणि बंद पडायची. मोबाइल पाहिला. रेंज नव्हती. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथून ही जागा कोसभरही लांब नसेल.

माझ्या मनात तेव्हा फक्त अट होती. झालं, गेली गाडी, असं मी स्वतःला दोनदा म्हणालो. तेवढ्यात देवरीकडे जाणारी एक मोटारसायकल थांबली. चालवणारा चिचगडचाच, ओळखीचा. म्हणाला, "या ना मास्तर, बसा मांगं. मिस्त्री घेऊन येऊ." मी लगेच निघालो. एक पाय सीटवरून पलीकडे टाकलाही. मग सहज बायकोकडे पाहिलं. ती गाडीत जाऊन बसली होती आणि काच वर करत होती.

का ते मला त्या क्षणी नीट कळलं नाही, पण पाय परत काढला. मोटारसायकलवाल्याला म्हणालो, "तुम्हीच निरोप द्या. वायर घेऊन ये म्हणावं." तो गेला. मी तिच्या बाजूचं दार उघडलं. म्हणालो, "आत उकाडा आहे. सावलीत बसू." आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो. वर्गातल्या पोरीसारखं बोट वर करून ती म्हणाली, "सर, एक विचारू? एसीचा गॅस संपला तर गरम हवा कुठून येते?"

मी म्हणालो, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तुमचा चेहरा पाहून काऊन बोलू. आधीच घाबरून राहिले होते."

मिस्त्रीला यायला दोन तास लागले. आम्ही चिचगडला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. उरलेलं जेवलो, लाखोळीची पिशवी दिली, आणि रडतखडत चालणाऱ्या गाडीनं संध्याकाळी घरी आलो. येताना मी गिऱ्हाईक शोधत होतो, मनात. कोणाला सांगायचं, फोटो कुठून काढायचा. एका जुन्या गाडीसाठी एवढं वाईट वाटावं याची लाजही वाटत होती.

आई ओसरीवरच होती. "काऊन उशीर झाला?"

बायको चपला काढत म्हणाली, "गाडी बंद पडली होती, आई. चिचगडच्या जंगलात."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीकडेही पाहिलं नाही. तिनं सुनेला विचारलं, "मंग? तुले टाकून गेला का हा?"

"नाही. होते ना सोबत."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली आणि सूप भिंतीला लावून ठेवलं. गाडी विकायचं कोणी काढलं नाही. लाखोळीचं मी भीत भीत सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एसटीच्या खाली तर कधी नाही पेटली."

चार महिने मी इंजिन ऐकत होतो आणि घरात इंजिनाबद्दल कोणी बोललंच नव्हतं. नवऱ्याला सरळ सांगता येत नव्हतं म्हणून 'मला टाकून जाऊ नका' हे तिनं गाडीच्या नावानं सांगितलं होतं. आईला ते पहिल्याच दिवशी कळलं. मला जंगलातला तो दुसरा दिवस लागला.

बायको आत हातपाय धूत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो आणि दोन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "त्या वेळी तीन तास तू एकटी काय करत होतीस?"

तिनं टॉवेलनं तोंड पुसलं.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."